समुद्राखालच्या गावातली फोर-व्हील ड्राइव्ह

हॉलंडमधल्या हूफडॉर्पमध्ये राहणाऱ्या माणसाने फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊ नये, असा कायदा अजून झालेला नाही. होण्याच्या आत मी घेऊन टाकली. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दिसलो की लोक एकमेकांना कोपरं मारतात. मारोत. ज्यांना माझं हसू येतं त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की या गावात हौसेला जागा आहे, फक्त चढाला नाही.

आमचं गाव म्हणजे उपसून कोरड्या केलेल्या तळ्याचा तळ. समुद्र आमच्यापेक्षा चार मीटर वर राहतो, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूसारखा. तो नळ उघडा टाकून गेला नाही ना, एवढंच आम्ही खालच्यांनी बघायचं. रस्त्यावर चेंडू ठेवला तर तो कुठे घरंगळावं याचा विचार करत तिथेच बसतो. बांधावर गाय चढली की तीन गावांतली माणसं खिडकीशी येऊन दृश्य बघतात. अशा ठिकाणी अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला डोंगराची ओढ लागली तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण खरं कारण ओढ नव्हती. खरं कारण जिलबी होती.

आमच्या ईशानीचं लग्न पुण्यात झालं, २००५च्या मे महिन्यात. पंगतीत माझ्या शेजारी व्याही, दिलीपराव. सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे खात्यातून निवृत्त झाले होते, ऑडिट चालू होतं. जिलब्या वाढणाऱ्याने त्यांना चार आणि मला तीन वाढल्या हेसुद्धा त्यांनीच मला सांगितलं. मग म्हणाले, "काय हो अरुणराव, हॉलंड म्हणजे अगदीच पोळपाट ना? कंटाळा येत असेल."

आता, स्वतःच्या देशाला मी पोळपाट म्हणेन, परातसुद्धा म्हणेन. पण मुलीच्या सासऱ्याने म्हणावं?

"छे छे," मी म्हणालो, "हिवाळा लागला की आम्ही डोंगरात. गुडघाभर बर्फात. आपली फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना!"

समोर बसलेल्या माझ्या बायकोच्या, जयंतीच्या हातातला मठ्ठ्याचा पेला ओठांपाशी थांबला. कारण आमच्याकडे तेव्हा एक लाल, चपटी, छोटी गाडी होती. तिची उजवीकडची काच वर राहावी म्हणून मी वर्तमानपत्राची घडी कोंबत असे. आणि गुडघाभर बर्फ मी तोपर्यंत फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. कोणी याला खोटं म्हणेल. मी खोटं बोलत नाही. जे व्हायचंय ते थोडं आधी सांगतो.

तेवढ्यात पलीकडून विहीणबाई, वासंतीताई म्हणाल्या, "मला एकदा बर्फाचा डोंगर बघायचाय हो. चित्रातला नाही, पायाखालचा."

"मग डिसेंबरात या!" मी म्हणालो. पंगतीत सगळेच असं म्हणतात. कोणी येत नाही.

ते आले. म्हणजे ऑगस्टमध्ये फोन आला की व्हिसा झाला, तिकिटं काढली. "पण अरुणराव," दिलीपराव म्हणाले, "तुम्हाला त्रास नको. मी एका टूर कंपनीच्या बसमध्ये दोन जागा धरून ठेवल्यात. स्वित्झर्लंड. तुमच्याकडूनच उचलतात, रोज रात्री वरणभात देतात. तुमच्या गाडीचं जमलंच, तर बावीस डिसेंबरपर्यंत रद्द करता येतं."

जमलंच तर! माणसाने शिवी द्यावी, पण 'जमलंच तर' म्हणू नये.

जयंतीने वरच्या खोलीतल्या फोनवर सगळं ऐकलं होतं. ती खाली आली, समोर बसली. "अहो, लग्न झाल्यापासून मी तुमच्या गोष्टींना मान डोलावतेय. तुम्ही वाघ पाहिलात, मी म्हटलं पाहिला. वाघाने तुम्हाला ओळख दिली, मी म्हटलं दिली. पण हे ईशानीचं सासर आहे. तिथे ते बसने जाऊन आले, तर जन्मभर 'जयंतीताईंचे मिस्टर बोलतात छान' एवढंच ऐकायचं मी. तुमची ही एक गोष्ट तेवढी खरी करा."

त्या दिवशी मी गाडी शोधायला लागलो.

गाडी शोधतोय हे कळलं की आपल्या लोकांना घरी बोलवावं लागत नाही. हार्लेमचा रणजित शनिवारी सकाळी दारात हजर. बँकेत कॉम्प्युटरवर काम करतो, स्वतः सायकलवर फिरतो, त्यामुळे गाड्यांबद्दल त्याची मतं अतिशय स्वच्छ आहेत. "काका, टॉर्क बघा. मायलेज विसरा. ग्राउंड क्लिअरन्स महत्त्वाचा."

"तो किती असावा?"

"ते बर्फ किती आहे त्यावर."

"बर्फ किती असेल?"

"ते काका, तुम्ही दर वर्षी जाता ना? तुम्हालाच माहीत." कार्ट्याने चहाच्या कपाआड तोंड लपवलं. पुण्याच्या लग्नाला तोही होता.

शेजारचा टून कुंपणावरून ऐकत होता. टून माझ्याच वयाचा, जन्मात कधी गावाबाहेर भाड्याच्या सायकलीशिवाय खर्च न केलेला डच माणूस. म्हणाला, "चारही चाकं फिरवायची? कशासाठी?"

"डोंगरासाठी."

त्याने चहूकडे पाहिलं. आमच्याकडे चहूकडे पाहायला वेळ लागत नाही, अडथळाच नसतो. "अरून," तो म्हणाला, "डोंगर ही बेल्जियन लोकांची अडचण आहे. तू कशाला घेतोस?"

दोन महिन्यांत मी इतक्या गाड्या पाहिल्या की मला स्वप्नात डिक्क्या दिसायला लागल्या. एकीत ओल्या कुत्र्याचा असा वास होता की कुत्रा अजून आतच असावा. दुसरी उत्तम होती, पण तिच्या मालकाने ती घोडा नेण्याचा ट्रेलर ओढायला वापरली होती आणि घोड्याने मागच्या काचेतून तिच्याकडे रागाने पाहिल्याच्या खुणा होत्या. तिसरीचा विक्रेता म्हणाला, हिने आल्प्स सात वेळा पाहिलाय. मी म्हटलं, मग तिला आता विश्रांती द्या.

शेवटी दसऱ्याच्या दिवशी शेतांच्या मधोमध एका जुन्या गाड्यांच्या आवारात ती दिसली. हिरवी, जपानी, उंच, मागे चांदीच्या अक्षरांत '4WD' लिहिलेली. आधी एका दंतवैद्यीण बाईंची होती. मी विक्रेत्याला म्हटलं, एक फेरी मारून बघतो, मग खालून नीट तपासतो, मग बोलू. असा माझा शिस्तशीर बेत होता. हे मी ठासून सांगतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर माझ्यावर फुटलं.

जयंती 'नुसतं बघायला' आली होती. तिच्या पर्समध्ये नुसतं बघायला नारळ, हळदकुंकू, चार लिंबं आणि टूनच्या बागेतल्या झेंडूचा हार निघाला. टून झेंडू लावतो तो बटाट्याला कीड लागू नये म्हणून. दसऱ्याला त्याचं सोनं होतं हे त्याला कुठे माहीत.

"अगं, गाडी अजून आपली नाही!"

"दसऱ्याला वाहनात पहिल्यांदा बसायचं, आणि तसंच? मला नाही बाई चालायचं."

मी वाद घालेपर्यंत बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं होतं आणि चारही चाकांखाली लिंबं गेली होती. विक्रेता तोंडातली काळी गोळी चघळायची थांबला. "मेनेर, हे काय?" मेनेर म्हणजे इकडचं 'साहेब'.

"सेफ्टी," मी म्हणालो. या देशात हा शब्द उच्चारला की पुढे कोणी विचारत नाही.

नारळ फरशीवर फुटेना. दोनदा उसळून शेजारच्या गाडीखाली गेला. तिसऱ्यांदा मी तो ट्रेलर ओढायच्या हुकावर असा हाणला की दोन स्वच्छ भकलं झाली आणि पाणी विक्रेत्याच्या विजारीवर. जयंतीने हात जोडले. मग गावातल्या पार्किंगच्या इमारतीच्या उतरणीवरून आम्ही तीन मजले वर गेलो, तीन मजले खाली आलो. "घाट लागला," जयंती पदर नाकाला लावून म्हणाली. गाडी पास.

परत आलो तेव्हा मी खाली वाकलो. तर हिने माझा दंड धरला. "काय करताय?"

"खालून तपासतो."

"पूजा झाल्यावर? आता हिचं वाईट बघायचं नाही. जे आहे ते गोड मानून घ्यायचं."

झालं. जगात लोक आधी गाडी तपासतात, मग घेतात, मग पूजा करतात. आम्ही उलटीकडून सुरुवात केली आणि शेवटचं एक राहून गेलं.

इथे तेव्हा गाडी नावावर करायला पोस्टात जावं लागे. तिथल्या बाईंनी माझं लायसन्स पाहिलं आणि त्याची मुदत मागच्या महिन्यात संपल्याचं हसून सांगितलं. इथे वाईट बातमी हसूनच देतात. मग गेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, नव्या लायसन्ससाठी. फोटो मी दसऱ्यालाच काढून घेतला होता, अंगावर चांगला शर्ट होता म्हणून. खिडकीतल्या तरुणाने फोटो उजेडात धरला. "कपाळावर जखम आहे?"

"टिळा आहे."

"कायमचा?"

"सणापुरता."

"मग ओळख कशी पटणार? कायमचा असेल तर डॉक्टरचं पत्र आणा. नसेल तर पुसून या."

मी त्याला म्हणालो की या कपाळावर माझ्या आजोबांच्या आजोबांपासून टिळा आहे. तो म्हणाला, तेही चालेल, पण पत्र त्यांच्या डॉक्टरचं लागेल. मी फोटो पुन्हा काढला. टिळा पुसून, पण चेहऱ्यावर असा निषेध ठेवून की अजून पोलिसाने लायसन्स मागितलं तर तो आधी दिलगिरी व्यक्त करतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला हिवाळी टायर बसवायला गाडी गॅरेजात नेली. टून सोबत आला, त्याला फुकट कॉफी मिळते तिथे. मेकॅनिकने गाडी वर उचलली, खाली जाऊन उभा राहिला आणि टॉर्च पुढून मागे, मागून पुढे फिरवू लागला.

"मेनेर," मग म्हणाला, "इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा असतो."

"असेल की."

"नाहीये."

टून आणि मी दोघं वाकून बघायला लागलो. दोन्ही टोकांना नीट टोपणं बसवलेली, मधे मोकळी हवा. मागची दोन चाकं नुसती सोबतीला होती. टूनने कॉफीचा घोट घेतला. "चांगलं आहे की," तो म्हणाला, "पेट्रोल वाचेल."

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, हो, दांडा आवाज करत होता म्हणून दंतवैद्यीण बाईंनी काढून टाकला, इथे कोणाला लागतो? तुम्ही खाली वाकला होतात, मला वाटलं पाहिलंत. वर म्हणाला, नको असेल तर परत आणा. हे मी मुद्दाम लिहितो. माणूस सरळ होता, त्यामुळे मला नीट भांडतासुद्धा आलं नाही. नवा दांडा जपानहून यायला फेब्रुवारी उजाडणार होता.

"परत?" जयंती म्हणाली. "पूजा झालेली गाडी दारातून घालवायची? आणि व्याही यायच्या तोंडावर? अजिबात नाही."

"अगं, पण मग डोंगर?"

"ते तुम्ही बघा. शब्द तुम्ही दिलाय, दांड्याने नाही."

टूनने त्याच्या मेव्हण्याच्या बर्फातल्या साखळ्या आणून दिल्या. "पुढच्या चाकांना घाल. भिंतसुद्धा चढशील." मी त्या डिकीत अगदी खाली, घोंगडीखाली ठेवल्या. कारण फोर-व्हील ड्राइव्हला साखळ्या घालणं म्हणजे पैलवानाने काठी टेकत आखाड्यात येणं. दिलीपरावांच्या देखत? एक वेळ मी गाडी खांद्यावर घेऊन डोंगर चढेन.

ते आले. विमानतळाच्या पार्किंगमध्ये दिलीपरावांनी सामानाच्या आधी गाडी पाहिली. भोवती फिरले, टायरला बुटाने टोचलं, मागे येऊन चष्मा पुसला आणि '4WD' मोठ्याने वाचलं. "लिहिलंय तर खरं," ते म्हणाले.

"लिहिलंय ते खरंच असतं इथे," मी म्हणालो. पाटी अस्सल होती. त्यात काही खोट नव्हती.

बावीस तारखेला सकाळी आम्ही बेल्जियमच्या आर्डेन्स डोंगरांकडे निघालो. ईशानी आणि जावई श्रेयस नायमेखनहून आगगाडीने नाताळला येणार होते. उतारावरच्या एका खेड्याच्या वर घर भाड्याने घेतलं होतं, टेकडीच्या टोकाला. दिलीपराव पुढे माझ्या शेजारी, मोबाईल मांडीवर. "संध्याकाळी पाचपर्यंत बस रद्द करता येते," त्यांनी मला उत्रेख्तच्या आधी सांगितलं, बेल्जियमच्या सीमेवर सांगितलं, आणि पहिला पांढरा कडा दिसला तेव्हा पुन्हा सांगितलं. मागे वासंतीताई काचेला नाक लावून. "अगंबाई, झाडांवर पण?" त्यांचा आवाज असा झाला होता की मला क्षणभर दांड्याचा विसर पडला.

खेड्यातून शेवटची चढण लागली. ती मी तुम्हाला कशी सांगू? एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला कुंपण, मधे रात्रभर पडलेलं पांढरं पीठ, आणि रस्ता असा उभा की ढगांना पाय पुसून आत जावं लागत असेल. मी पहिला गिअर टाकला. गाडी गेली. गेली, गेली, आणि अर्ध्यात थांबली. पुढची चाकं गरगरली, गुर्रगुर्र आवाज झाला, आणि आम्ही जागच्या जागी जोरात प्रवास करू लागलो.

"अहो," मागून जयंती हळूच म्हणाली, "डिकीतलं काढायचं का?"

"काय आहे डिकीत?" दिलीपरावांचे कान टवकारले.

"लाडू," मी म्हणालो. "ते वर गेल्यावर."

"अरुणराव, पुढचीच चाकं फिरल्यासारखी वाटतात."

"मागची आतून फिरतात. नवीन पद्धत."

त्यांनी मोबाईल उघडला. घड्याळ पाहिलं. मग काच खाली करून मान बाहेर काढू लागले, मागचं चाक बघायला. ऑडिट! मी मनात म्हटलं, अरुण, आता नाहीतर कधी नाही, आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. त्यासरशी गाडी मागे घसरली. मागचं टोक कुंपणाच्या कडेच्या ढिगाऱ्यात रुतलं, पुढचं टोक डौलात, सावकाश, वरातीतल्या घोड्यासारखं वळलं, आणि डोंगराकडे तोंड करून निघालेले आम्ही चौघं दरीकडे तोंड करून उभे राहिलो. मान आत घेताना दिलीपरावांची टोपी बाहेर राहिली.

गाडी आपोआप फिरली असं आता लोक म्हणतात. तेव्हा तिथे लोक नव्हते, मी होतो. मी वळवली.

खाली घसरू नये म्हणून मी रिव्हर्स टाकला. आणि काय सांगू! गाडीने दात रोवले. सगळं वजन खालच्या बाजूला, पुढच्या चाकांवर आलं होतं, आणि फिरत होती ती तीच चाकं. एक हात सीटच्या पाठीवर, मान मागे, आणि जयंतीच्या व वासंतीताईंच्या मधून रस्ता बघत मी गाडी पाठमोरी वर नेऊ लागलो. ती अशी चढली, अशी चढली, की झाडावरच्या कावळ्याने आधी आमची दिशा बघितली आणि मग स्वतः वळून बसला.

"हे काय चाललंय?" दिलीपराव ओरडले.

"चढण," मी म्हणालो.

"पण उलटे?"

"सरळ चढलं की समोर नुसता रस्ता दिसतो. पाहुण्यांना देखावा दिसायला नको?"

आणि देखावा होता. समोरच्या काचेत खालचं सगळं खोरं हळूहळू उघडत गेलं. चर्चचा कळस, पांढरी छपरं, धुराच्या रेषा, आणि त्यामागे डोंगरामागे डोंगर. वासंतीताई दोन सीटच्या मधून पुढे वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, गप्प बसा जरा. बघू द्या."

वर पोचलो. वासंतीताई दार उघडून आधी उतरल्या आणि नव्या कोऱ्या बुटांनी बर्फावर दोनच पावलं टाकून तिथेच उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद करेपर्यंत दिलीपरावही उतरले होते. ते देखाव्याकडे गेले नाहीत. ते गुडघ्यावर बसले, मग एक हात बर्फात टेकून गाडीखाली वाकले. निवृत्त माणूस, पण नजर शाबूत.

"अरुणराव," खालून आवाज आला, "इथे मधे एक दांडा असायला हवा. नाहीये."

वाघाने ओळख दिलेला माणूस मी, पण बोट वर करून तोंड उघडलं आणि त्यातून नुसती वाफ निघाली.

माझ्या मागून जयंती आली. शालीचं टोक सारखं केलं, आणि दूधवाल्याचा हिशेब सांगावा तशा आवाजात म्हणाली, "तो घरी काढून ठेवलाय, भाऊजी. उलटं चढायचं असलं की दर वर्षी काढूनच ठेवतात हे. उगाच वजन कशाला? आमच्याकडे तिकडे कपाटामागे उभा आहे."

दिलीपराव वर आले. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिने पापणीसुद्धा हलवली नाही. माझ्या गोष्टींना मान डोलावताना तिचा हात मंगळसूत्राकडे जातो, तोही गेला नाही.

"कपाटामागे?"

"हो. तेल लावून."

मला या बाईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. 'तेल लावून'! हा कस माझ्याकडे नाही.

दिलीपरावांनी गुडघ्यावरचा बर्फ झटकला. मग टोपीसाठी डोक्यावर हात नेला, ती नव्हती. ती खाली अर्ध्या चढावर पडली होती, एवढीशी, काळी. तिच्याकडे बघत त्यांनी मोबाईल कानाला लावला.

"हॅलो? हो, दोन जागा. रद्द करा. नाही, तब्येत ठीक आहे. नाही, तक्रार पण नाही." ते जरा थांबले, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तुमच्या बसला ही पद्धत जमणार नाही हो."